काजूच्या पाचोळ्यातला प्रश्न

(गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

प्राचार्य, शिक्षकवर्ग आणि विद्यार्थी मित्रांनो,

सरांनी मला विषय दिला तो असा: संसर्गजन्य रोगांचं संशोधन, सार्वजनिक आरोग्य आणि त्यातल्या करिअरच्या वाटा. वाटांबद्दल मी बोलणारच आहे. पण त्याआधी मला थोडा वेळ शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या बागायतीत जायचं आहे, कारण माझी स्वतःची वाट तिथूनच सुरू झाली.

2015 साली सत्तरीतल्या पाली गावात तापाची साथ आली. तो माकडताप निघाला. तुमच्यापैकी सत्तरीहून, दोडामार्गाहून येणाऱ्यांना हा शब्द नवीन नाही. बाकीच्यांसाठी सांगते. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. 1957 साली तिथे माकडं पटापट मरू लागली, आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतली माणसंही तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधून काढला. हे केंद्र 1952 मध्ये सुरू झालं होतं, आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही म्हणून ओळखतो. विषाणू पसरवते ती रानातली गोचीड. माकडांच्या अंगावर ती वाढते, माकड मेलं की खाली पडते, पाचोळ्यात राहते आणि पाचोळ्यातून चालणाऱ्या माणसाला चावते. चावते तीही मोठी गोचीड नसते. तिची पोरं असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, पायावर चढली तरी कळत नाहीत. पावसाळा संपून रान वाळलं की त्यांचा काळ सुरू होतो, तो मे महिन्यापर्यंत चालतो. आता आपल्याकडे काजू कधी गळतात ते आठवा. मार्च, एप्रिल, मे. बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला बाया-माणसं वाकून वाकून पाचोळ्यातच हात घालत असतात. म्हणून गोव्यात हा रोग काजूच्या कामगारांना गाठतो. पालीच्या साथीचा अभ्यास झाला तेव्हा हाच संबंध पुढे आला.

आता माझी गोष्ट. पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपलं होतं, आणि मी एका अभ्यासाच्या सर्वेक्षणात घरोघरी फिरत होते. प्रश्नावली बाहेरून छापून आलेली होती. त्यात एक प्रश्न होता, ‘गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही जंगलात गेला होता का?’ पहिल्या वाड्यावर चाळीसेक घरं झाली, बहुतेक सगळ्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. मी प्रामाणिकपणे ‘नाही’वर खुणा करत गेले. संध्याकाळी एका घरी चहाला बसले, तर त्या घरच्या मावशी पायरीवर बसून पायावरच्या गोचिडी नखाने काढत होत्या. मी विचारलं, मावशी, या कुठे लागल्या? म्हणाल्या, “कुठे म्हणजे? बागायतीत. सकाळी काजू वेचायला गेले होते ना.” सकाळी याच मावशींनी मला ‘जंगलात गेले नाही’ असं सांगितलं होतं, आणि त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी जंगल म्हणजे म्हादईचं अभयारण्य, जिथे रानरेडे असतात, जिथे वन खात्याची माणसं अडवतात. घरामागच्या डोंगरावरची काजूची झाडं म्हणजे त्यांची बागायत. तिथे त्या रोज जात होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस घरांचे कागद चुकीचे होते आणि ते मी भरले होते. मी सत्तरीतलीच मुलगी. माझ्या वडिलांची बागायत आहे. ‘जंगल’ हा शब्द आमच्याकडे कसा वापरतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हातात छापील कागद आला आणि मी माझं माहीत असणं बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. आम्ही प्रश्न बदलला. काजू वेचायला कुठे जाता, चुलीसाठी लाकडं कुठून आणता, गोठ्यात टाकायला पाचोळा कोण आणतं, तो घराजवळ साठवता का, असे प्रश्न घेऊन सगळी घरं पुन्हा केली. आठवडा गेला. पण आता कागदावर जे उतरत होतं ते गावात खरोखर घडत होतं.

एवढी लांबण मुद्दाम लावली. संशोधन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक येतो. प्रयोगशाळा लागतेच. गोव्यातले नमुने मणिपालला आणि पुण्याला तपासले गेले नसते तर माकडतापाचं नावही आपल्याला कळलं नसतं. पण प्रयोगशाळेत जाणारा नमुना कुणाच्या रक्ताचा घ्यायचा, त्या माणसाला काय विचारायचं, हे ठरवणाऱ्यांची आपल्याकडे फार वानवा आहे. आणि ते काम करायला तुम्ही डिचोलीत, सत्तरीत वाढलात ही तुमची मोठी पुंजी आहे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. चांगल्या फेलोशिपच्या मुलाखतीत मार्कांपेक्षा जास्त वेळ एकाच गोष्टीवर जातो: तुमचा प्रश्न काय आहे? आणि तो तुम्हाला कुठे भेटला?

गोव्याला असे प्रश्न कधी कमी पडले नाहीत. 1563 साली इथे छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने पटकीच्या रोग्याचं वर्णन करून ठेवलं आहे. जुने गोवे साथींनी ओस पडलं आणि शेवटी 1843 मध्ये राजधानी पणजीला आली. आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे गोमेकॉचं मूळ असलेली वैद्यकीय शाळा 1842 ची. अलीकडचं बघायचं तर 1986 पासून पणजीत मलेरिया वाढला. बांधकामांवरच्या साठवलेल्या पाण्यात डास वाढायचे आणि तिथेच राहणाऱ्या कामगारांना आधी चावायचे. म्हणून कायद्यात बदल करून बांधकाम कामगारांना आरोग्यकार्ड सक्तीचं केलं. कुत्र्यांच्या लसीकरणाचं काम तर तुम्ही रस्त्यावर पाहिलंच असेल. मोठ्या जाळ्या घेऊन माणसं येतात, कुत्र्याला पकडून रेबीजची लस टोचतात, रंगाची खूण करतात, मोबाइलवर नोंद करतात आणि सोडून देतात. वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना अशी लस दिली जाते. 2017 नंतर काही वर्षं गोव्यात रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, ती या कामामुळे. या कामात पशुवैद्य होते, मोबाइलवरचा नकाशा तयार करणारे होते, शाळेत जाऊन मुलांना कुत्र्याजवळ कसं वागायचं ते शिकवणारे होते. तेव्हा डॉक्टर झालो नाही म्हणून हे क्षेत्र बंद झालं, असं कृपा करून समजू नका.

आता वाटा.

तुम्ही बी.एस्सी.ला असाल तर भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, दोन महिन्यांची. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात. पहिल्या वर्षापासूनच त्यावर लक्ष ठेवा. तुमचे मित्र एमबीबीएस किंवा बीडीएसला असतील तर त्यांना आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अल्पकालीन विद्यार्थी संशोधनाबद्दल सांगा. त्यातही दोन महिन्यांत एक छोटा प्रश्न स्वतः हाताळता येतो.

पुढचं शिक्षण. डासांत, गोचिडीत रस असेल तर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे रोग पसरवणाऱ्या कीटकांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात, सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एम.एस्सी. आहे. प्राणिशास्त्राच्या मुलांना मी ही आवर्जून सुचवते, कारण देशात असे कीटकशास्त्रज्ञ मोजकेच आहेत. विषाणूंचं वेड असेल तर पुण्याची एनआयव्ही. आकडे, नकाशे, साथीचा माग काढणं आवडत असेल तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोग विज्ञान संस्था, म्हणजे एनआयई. तिथे 2001 पासून सरकारी डॉक्टरांना प्रत्यक्ष साथींवर काम करत शिकवलं जातं. पुस्तक बाजूला, साथ आली की बॅग भरायची. डॉक्टर झाल्यावर पुढे भारत ईआयएस नावाचा दोन वर्षांचा कार्यक्रमही आहे, त्यातही हीच पद्धत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे, तिथे समाजशास्त्राच्या अंगाने विचार करायला शिकवतात.

पीएच.डी. करायची तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप काढा. 2023 पासून पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि त्यानंतर 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. पीएच.डी. झाल्यावर इंडिया अलायन्सची फेलोशिप आहे, भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचं वेलकम ट्रस्ट मिळून 2008 पासून ती देतात. तिथे प्रस्ताव वाचून घेतात, मुलाखतीत पिंजून काढतात. तयारी सहा महिने आधीपासून लागते.

परदेशाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बागायत गहाण टाकून, वीस-पंचवीस लाखांचं कर्ज काढून, कामाचा अनुभव नसताना परदेशी एम.पी.एच.ला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, जाऊ नका. दोन वर्षं इथे काम करा, मग कॉमनवेल्थसारख्या शिष्यवृत्तीला अर्ज करा. तेव्हा तुमच्या अर्जात सांगण्यासारखं काहीतरी असेल. मी तुमच्या वयाची असते आणि कुणी हे सांगितलं असतं तर मला राग आला असता, तरी सांगते.

आणि नोकरी. राज्याच्या साथरोग सर्वेक्षण विभागात साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ अशी पदं असतात. हे सर्वेक्षण 2004 मध्ये सुरू झालं, आता देशभर चालतं. आरोग्य केंद्रातून लक्षणांची, डॉक्टरांच्या अंदाजाची आणि प्रयोगशाळेच्या निकालाची वेगवेगळी नोंद वर जाते, ‘एस’, ‘पी’ आणि ‘एल’ अशा तीन फॉर्मवर. तापाची संख्या एका आठवड्यात एका वाड्यावर अचानक वाढली तर ती आधी इथेच दिसते, पण दिसते ती बघणारा कुणी असेल तरच. यातल्या बऱ्याच नेमणुका कंत्राटी असतात, हे मी लपवणार नाही. माझा स्वतःचा पगार एकदा पाच महिने अडकला होता. वडिलांनी काजू विकून मला पैसे दिले. तेव्हा घरच्यांना आधीच विश्वासात घ्या, आणि पहिल्या वर्षी थोडे पैसे बाजूला ठेवा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फेलोशिपच्या जाहिरातीत नसते. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तदान केल्यावर कळलं की त्याला एचआयव्हीचा संसर्ग आहे. आपल्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशातल्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. नंतर त्याने एचआयव्हीबाधितांसाठी संस्था उभी केली, 1992 मध्ये तो गेला. त्याला कोंडणाऱ्यांनाही आपण साथ रोखतोय असंच वाटत होतं. माझ्या टीममध्ये नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी मी त्याला ही हकीकत सांगते आणि मगच प्रश्नावली हातात देते. आपण ज्याचं रक्त घेतो तो घाबरलेला असतो. त्याच्या घरासमोर आपली गाडी उभी राहिली की शेजारी काय बोलतील, याचा विचार आपणच करायचा असतो.

(व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं की, ती वनस्पतिशास्त्राला आहे आणि घरचे तिला रानात, परक्या गावात फिरायला पाठवणार नाहीत, मग तिने काय करावं?)

तुझं नाव सांगू नकोस, पण गाव सांग. ... बरं, म्हणजे तुमच्याही घरामागे काजू आहेत. मग परक्या गावात जायची घाई नाही. या डिसेंबरपासून मेपर्यंत तुमच्या वाड्यावर कोण पाचोळा गोळा करतं, कधी करतं, तो कुठे साठवतं, तेवढंच वहीत लिहून ठेव. आईला बरोबर घे, तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. कुठे मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवायचं. बागायतीत जाताना पूर्ण बाह्या, लांब पॅंट, पायमोजे, आणि गोचिडीवर लावायचं तेल केंद्रात मिळालं तर ते. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात.

जूनमध्ये ती वही घेऊन मला भेट. उन्हाळी फेलोशिपचा अर्ज आपण त्या वहीवरून लिहू. मी दर शनिवारी दुपारी वाळपईला असते.