माणसाचा चेहरा सोडून काहीही सांगा: जॉन सिंगर सार्जंटची पत्रं

नमस्कार मंडळी.

"तुमची फाटकं रंगवायला सांगा, कुंपणं सांगा, कोठारं सांगा, मी आनंदानं रंगवीन. पण माणसाचा चेहरा नको." लेडी रॅडनर या उमराव घराण्यातल्या बाईंना एका चित्रकारानं हे पत्रातून कळवलं होतं. आता हा चित्रकार कोण? तर माणसांचे चेहरे रंगवण्यात त्या काळच्या लंडनमध्ये ज्याच्या तोडीचा कुणी नाही असं मानलं जायचं, तो जॉन सिंगर सार्जंट. सरदार, बँकवाले, त्यांच्या बायका, मुली, सगळे त्याच्या स्टुडिओत बसायला उत्सुक. आणि तो म्हणतोय, नको.

आज त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या पत्रांबद्दल जास्त बोलायचं आहे. या पत्रांकडे बहुतेक लोक चुकीच्या अपेक्षेनं जातात, असं मला वाटतं. सार्जंटनं लग्न केलं नाही. प्रेमपत्रांचा गठ्ठा मागे ठेवला नाही. मग पत्रांत काही गुपित सापडेल म्हणून लोक शोधतात, निराश होतात आणि म्हणतात की या माणसानं स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाही. पण मोठ्या घरची चित्रं काढणाऱ्या माणसाची एक अडचण असते. चित्रात दिसतं ते गिऱ्हाइकाला हवं असलेलं रूप. चित्रकाराला समोर नेमकं काय दिसलं, ते त्यानं मित्राला लिहिलेल्या दोन ओळींत सापडतं. सार्जंटची पत्रं वाचायची ती यासाठी.

थोडी ओळख करून देतो. जन्म १८५६, फ्लॉरेन्समध्ये. आईवडील अमेरिकन, पण मुक्काम सतत युरोपात, आज या गावी तर उद्या त्या गावी. घर असं एका जागी नव्हतंच, त्यामुळे लहानपणीच्या मैत्र्या टिकल्या त्या पत्रांवर. त्यातले दोघं लक्षात ठेवा. एक बेन देल कास्तियो. दुसरी व्हायलेट पॅजेट, जी पुढे व्हर्नन ली या नावानं लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. ती आणि सार्जंट एकाच वर्षी जन्मलेले. १८७४मध्ये सार्जंट पॅरिसला कॅरोलस-द्युराँच्या स्टुडिओत शिकायला गेला आणि काही वर्षांतच त्याचं नाव व्हायला लागलं.

[पडद्यावर: मादाम एक्स]

आता हे चित्र. काळा झगा, वळवलेली मान, आणि त्वचेचा तो विचित्र फिकट रंग. या बाईंचं नाव व्हर्जिनी अमेली गोत्रो. जन्म अमेरिकेतल्या लुइझियानाचा, नवरा पॅरिसचा बँकर, आणि सौंदर्याचा बोलबाला शहरभर.

हे चित्र कुणी सांगून काढून घेतलेलं नाही. सार्जंटच तिच्या मागे होता, हे आपल्याला पत्रातून कळतं. बेनला तो लिहितो की मला हिचं चित्र काढायची फार इच्छा आहे, ती नाही म्हणणार नाही असं वाटतं, आपल्या सौंदर्याला कुणीतरी असा मान द्यावा याची ती वाटच पाहत असावी. तुझे तिच्याशी बरे संबंध असतील आणि ती पॅरिसमध्ये भेटली तर तिला सांग की हा माणूस अफाट गुणाचा आहे. सार्जंट तेव्हा पंचविशी ओलांडलेला तरुण. या धंद्याची सुरुवात कशी होते ते इथे स्वच्छ दिसतं. शब्द टाकावा लागतो, मधला माणूस लागतो, आणि आपली वाखाणणी दुसऱ्याच्या तोंडून व्हावी लागते.

मग १८८३चा उन्हाळा. ब्रिटनी प्रांतात पारामेजवळ गोत्रोंचं घर होतं, तिथे सार्जंट कामाला जाऊन राहिला. तिथून व्हर्नन लीला लिहिताना तो म्हणतो, रंगवता न येणाऱ्या सौंदर्याशी आणि मादाम गोत्रोच्या कमालीच्या आळसाशी झुंजतो आहे. बाई एका जागी बसायला तयार नाहीत. आणि व्हर्नन लीलाच लिहिलेलं त्याच सुमाराचं आणखी एक पत्र आहे, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यात तो तिच्या रंगाबद्दल लिहितो. अंगभर एकसारखी जांभळट पावडर लावणारी माणसं तुला चालत नसतील, टीपकागदाच्या रंगाची, तर माझी ही मॉडेल तुला आवडायची नाही. पण तिच्या अंगाच्या रेषा अतिशय सुंदर आहेत.

त्या काळी घशासाठी पोटॅशच्या चघळायच्या गोळ्या मिळायच्या. तिच्या त्वचेसाठी सार्जंट याच पत्रात त्या गोळ्यांच्या रंगाचाही दाखला देतो. आता पुन्हा चित्राकडे बघा. गळा, खांदा, दंड. त्या त्वचेत रक्ताचा लालसरपणा नाही. फक्त कान गुलाबी आहे, कारण पावडर तिथवर गेलेली नाही. लोकांना वाटलं चित्रकाराचा रंग बिघडला. त्यानं तर दिसलं ते रंगवलं होतं, आणि त्याला नेमकं काय दिसलं होतं ते चित्र लोकांसमोर येण्याआधीच मैत्रिणीला लिहून झालं होतं. मला विचाराल तर या चित्रावरून पुढे जो वाद झाला, त्याचं उत्तर या एका पत्रात आहे.

१८८४च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, चित्र लागलं आणि गहजब झाला. मूळ चित्रात उजव्या खांद्यावरचा पट्टा घसरलेला होता. तो सार्जंटनं नंतर वर चढवला. त्या दिवसाचं वर्णन आपल्याला मिळतं तेही पत्रातून, पण ते सार्जंटचं नाही. त्याचा नातलग आणि चित्रकार मित्र राल्फ कर्टिस यानं आपल्या आईवडिलांना लिहिलेलं ते पत्र. बायका चित्रासमोर उभ्या राहून नावं ठेवत होत्या. कर्टिसला स्वतःलाही रंग आवडला नव्हता, ती कुजल्यासारखी दिसते असं तो लिहितो. आणि सार्जंट? गंभीर चेहऱ्याचे मित्र समोर येऊ नयेत म्हणून तो दारांआड लपत होता. मग गोत्रोबाईंच्या आई रडत आल्या, माझ्या मुलीचं वाटोळं झालं, सगळं पॅरिस तिला हसतंय, चित्र काढून घ्या म्हणाल्या. सार्जंटनं नकार दिला. ती जशी सजून उभी होती तशीच मी रंगवली, हे त्याचं म्हणणं.

दोन वर्षांनी त्यानं पॅरिस सोडलं आणि लंडनला टाइट स्ट्रीटवर स्टुडिओ थाटला. पण त्याआधी, १८८५मध्ये, तो इंग्लंडमधल्या ब्रॉडवे नावाच्या खेड्यात राहत होता आणि तिथे व्यक्तिचित्रांच्या बाजारापासून लांब, एक वेगळंच काम करत होता.

[पडद्यावर: कार्नेशन, लिली, लिली, रोझ]

संध्याकाळची बाग, दोन लहान मुली, हातात कागदी कंदील. बहीण एमिलीला तो लिहितो, विषय भयंकर अवघड आहे. फुलांचे, दिव्यांचे आणि मागच्या हिरवळीचे रंग अशक्य झळाळते आहेत, आपले रंग तेवढे उजळ नाहीत, आणि हा परिणाम टिकतो फक्त दहा मिनिटं. म्हणून तो रोज संध्याकाळी ती दहा मिनिटं गाठायचा. थंडी पडली, गुलाब गळाले, तेव्हा खोटी फुलं लावली. चित्र पुरं व्हायला १८८६चा ऑक्टोबर उजाडला. एमिली स्वतः जलरंगात काम करायची, म्हणून तिला लिहिताना तो काहीच समजावत बसत नाही. तिला कळणार हे त्याला माहीत आहे. त्याची ही भाषा मला फार आवडते.

पुढची वीस वर्षं मात्र चेहरे, चेहरे आणि चेहरे. एका चित्रासाठी सहसा आठ-दहा बैठका. लंडनमधला कलावस्तूंचा मोठा व्यापारी ॲशर वर्थायमर यानं १८९८पासून आपल्या सगळ्या कुटुंबाची चित्रं त्याच्याकडून करून घेतली, मिळून १२. त्या कामात बुडालेला असताना लेडी लुइस या मैत्रिणीला सार्जंट लिहितो की मला जुनाट वर्थायमर-रोग जडला आहे. यात चेष्टा आहे, पण जिव्हाळाही आहे, कारण या कुटुंबाशी त्याचं खरंच जमलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांशी तसं जमत नव्हतं. कर्टिसला त्यानं पुढे लिहिलं ते जास्त कडक आहे. आता व्यक्तिचित्रं नाहीत, मला त्यांचा तिटकारा आला आहे, पुन्हा एकही काढावं लागू नये, विशेषतः वरच्या वर्गातल्या लोकांचं.

हा राग क्षणिक होता का? मला तसं वाटत नाही. १८९०पासून त्याच्याकडे बोस्टनच्या सार्वजनिक वाचनालयाच्या भिंती रंगवायचं काम होतं. ते त्याला मनापासून करायचं होतं आणि चेहऱ्यांच्या रांगेमुळे ते लांबत होतं. १९०७मध्ये त्यानं मोठी व्यक्तिचित्रं घेणं जवळपास थांबवलं. लोक तरीही यायचे, मग तो कोळशानं एका बैठकीत चेहरा रेखाटून द्यायचा. त्याच वर्षी राजा एडवर्ड सातवा त्याला 'सर' करायला निघाला होता. पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमन यांना सार्जंटनं नम्रपणे कळवलं की मी अमेरिकन नागरिक आहे, तेव्हा हा मान मला घेता येणार नाही.

आणि गोत्रोबाईंचं चित्र? ते तीसहून जास्त वर्षं त्याच्याचकडे होतं. १९१५मध्ये त्या वारल्या. १९१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे संचालक एडवर्ड रॉबिन्सन यांना त्यानं ते १,००० पौंडांना देऊ केलं. पत्रात लिहिलं, मी केलेलं हे सर्वांत चांगलं काम असावं. आणि विनंती केली की त्या बाईंशी माझं पूर्वी वाजलं होतं, तेव्हा चित्राला त्यांचं नाव देऊ नका. मादाम एक्स हे नाव रूढ झालं ते यामुळे.

आजचं शेवटचं पत्र १९१८चं. ब्रिटिश सरकारनं ६२ वर्षांच्या सार्जंटला महायुद्धाचं भव्य चित्र काढायला फ्रान्सच्या आघाडीवर पाठवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिसच्या एका चर्चवर तोफगोळा पडून त्याची लाडकी भाची रोझ-मरी मारली गेली होती. सप्टेंबरमध्ये तो इव्हान चार्टरिस या मित्राला लिहितो, सरकारला महाकाव्य हवं आहे, पण माणसांच्या झुंडीशिवाय ते करायचं कसं? धोक्याच्या जितकं जवळ जावं तितकी माणसं कमी आणि लपलेली. तो तीनच दृश्यं मोजतो: सैनिकांनी खचाखच भरलेली मालगाडी, फौजेनं आणि वाहनांनी तुंबलेला मोठा रस्ता, आणि विषारी वायूनं डोळे गेलेल्या, पट्ट्या बांधलेल्या माणसांनी भरलेलं एक शेत. त्यातलं शेवटचं त्यानं निवडलं. 'गॅस्ड' हे ते चित्र, सहा मीटरहून लांब, लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियममध्ये. नीट पाहिलंत तर मागे दूरवर काही सैनिक फुटबॉल खेळताना दिसतील. ज्यानं आयुष्यभर एकेक चेहरा खुलवून रंगवला, त्यानं इथे ओळीनं डोळे झाकलेली माणसं रंगवली.

आता माझी एक विनंती. ही सगळी पत्रं आपल्यापर्यंत आली ती सार्जंटनं जपली म्हणून नाही. बेननं, एमिलीनं, व्हर्नन लीनं, चार्टरिसनं, बोस्टनच्या कलासंग्राहक इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी जपली म्हणून. आपल्याकडे राजा रविवर्मा कसे काम करत, कुणाकडे उतरत, कोण बसायला येई, यातलं बरंच काही त्यांचे धाकटे बंधू राजा राजा वर्मा यांच्या डायरीमुळे कळतं. पण महाराष्ट्रात संस्थानिकांची, वकिलांची, शेठजींची चित्रं काढणारे कितीतरी जण होऊन गेले, कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत जे. जे. स्कूलमधून शिकलेले. त्यांनी ज्यांना पत्रं लिहिली, त्यांच्या नातवंडांच्या घरी ती आजही असू शकतात. तुमच्या घरात असं एखादं पत्र असेल, अगदी 'बैठक मंगळवारऐवजी बुधवारी ठेवू' एवढंच लिहिलेलं पोस्टकार्ड असेल, तरी रद्दीत देऊ नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, कुणी कुणाला लिहिलं ते मागे पेन्सिलीनं नोंदवून ठेवा, आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा कला महाविद्यालयाला दाखवा. मला कळवलंत तर ते वाचायला आणि त्यावर व्हिडिओ करायला मी नक्की येईन.