काळी जमीन, पांढरी बोंडं

[दृश्य: शिरपूरजवळचं कपाशीचं शेत, सकाळ. मागे सातपुडा.]

दिवाळी नुकतीच झालीये. बोंडं फुटलीत, वेचणाऱ्या बाया अजून यायच्यात. बांधावर ट्रायपॉड, त्यावर भात्याचा कॅमेरा, आणि काळ्या कापडात डोकं खुपसलेला फोटोग्राफर. मागच्या काचेवर सगळं उलटं: सातपुडा खाली, कपाशी वर.

फिल्म चार बाय पाच इंचांची. एका होल्डरमध्ये दोनच शीट.

[दृश्य: स्पॉट मीटर डोळ्याला.]

हा उजेड मोजणारा मीटर जेमतेम एका अंशाचा तुकडा बघतो. बोंडावर धरला: लेन्सच्या एफ २२ छिद्राला १/३० सेकंद. सरीतल्या मातीवर धरला: अर्धा सेकंद. मध्ये चार स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

मीटरला ना कापूस कळतो, ना माती. समोर येईल ते मध्यम करडं, एवढंच तो धरून चालतो. बोंडाचा आकडा घेतला, तर कापूस पावसात भिजल्यासारखा मळकट. मातीचा घेतला, तर काळी जमीन मुरमाड आणि बोंडं नुसते पांढरे ठिपके.

शेजारी केळीची बाग आहे. उन्हातल्या पानावर मीटर म्हणतो १/८. अगदी मधोमध! ग्रे कार्ड, म्हणजे मीटर धरायचा मध्यम करडा पुठ्ठा, घरी राहिलं तरी खानदेशात अडत नाही. फक्त पान चकाकत नाही ना, ते बघायचं.

आज होल्डरमध्ये वेल्व्हिया ५० आहे. ही स्लाइड फिल्म, गडद ते उजळ झेप पाचेक स्टॉपची. उजेडाच्या बाजूला दोन स्टॉपच्या पुढे गेलं की तिथे कोरी फिल्म उरते, मग काही केल्या कापूस परत येत नाही. म्हणून फोटोग्राफर बोंडाला जपतो. शटर १/८ वर, पण छिद्र अर्धा स्टॉप बारीक. बोंडातले धागे टिकतात, माती अजून गडद होते. होऊ दे. काळी जमीन काळी दिसली म्हणून इथे कोण तक्रार करणार?

कलर निगेटिव्ह असती, तर हिशेब मातीपासून. माती मध्यम करड्याच्या दोन स्टॉप खाली ठेवायची, वर एखादा स्टॉप सढळ हाताने द्यायचा. कापसाचं ती फिल्म निभावून नेते.

[दृश्य: एकच बोंड, अगदी जवळून.]

आता १५० मिलिमीटरच्या लेन्सचा भाता २१० पर्यंत ताणलाय. तेवढा लांब जाताना उजेड विरळ होतो. २१० भागिले १५०, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास दोन. एक स्टॉप जास्त: १/८ चा १/४. हातातल्या मीटरला भात्याचा पत्ताच नसतो. ही बेरीज विसरून सुरुवातीला बऱ्याच शीट अंधारल्या, असं तो हसत सांगतो.

पाव सेकंद. आणि वारा काही पडेना.

बाया आल्या, कमरेला ओटी बांधून. "फोटू निंघना का भाऊ?"

"नाही ना मावशी."

ऊन चढलंय, मघाचे आकडे आता शिळे. तो पुन्हा मीटर उचलतो. तोवर बायांनी तीच सरी वेचायला घेतली.