फोनशेजारची वही

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या पेठांतील लहान दुकानदार आणि घरगुती व्यावसायिक यांची संकेतस्थळे तयार करण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे दुकानातल्या फोनशेजारी ठेवलेली शंभर पानी वही, आणि तिच्याविषयीच आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

रविवार पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक जुने दुकान आहे. त्यांचे पहिले संकेतस्थळ मीच केले होते. ते उघडताच सहा मोठी छायाचित्रे एकामागून एक सरकू लागत, त्यांच्यावर स्वागताची चौकट येऊन पाहणाऱ्याचा मोबाइल क्रमांक मागत असे, वरच्या बाजूला अकरा विभागांची यादी होती आणि खाली दुकानाच्या तीन पिढ्यांचा सविस्तर इतिहास होता. मालकांना ते आवडले होते आणि मलाही त्याचा अभिमान होता. वर्षभराने मात्र मालकांनी सांगितले की चौकशीचे फोन पूर्वीइतकेच येतात आणि त्यांतले बरेच जण ‘वेबसाइट पाहिली, पण त्यात काही सापडले नाही’ असे म्हणतात. हे ऐकून मला वाईट वाटले, आणि त्याच दिवशी आम्ही वही ठेवली. फोनवर विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, पंधरा दिवस त्यात लिहायचा, एवढाच नियम ठरवला.

पंधरा दिवसांनी वही उघडली तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसले. कलई करून मिळते का, आणि किती दिवस लागतात? जुन्या भांड्यांची मोड घेता का? पितळेचा आजचा भाव काय? दुपारी दुकान बंद असते का? गाडी कुठे लावायची? रुखवतात मांडायला भातुकलीची भांडी आहेत का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पहिल्या पानावर नव्हते. ‘कलई’ हा शब्द तर संपूर्ण संकेतस्थळावर एकदाही आलेला नव्हता. मालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, भांड्यांच्या दुकानात कलई होणारच, ते वेगळे काय सांगायचे?”

माझ्या मते सगळी अडचण या एका वाक्यात आहे. जी गोष्ट दुकानदाराच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगण्यासारखी आहे असे त्याला वाटतच नाही, नेमकी तीच गोष्ट नव्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. आंबट पदार्थ पितळेच्या किंवा तांब्याच्या उघड्या पृष्ठभागावर कळकतो, म्हणून आतून कथलाचा मुलामा, म्हणजेच कलई, द्यावी लागते, हे आजीला माहीत होते. तिच्या नातीला ते माहीत असेलच असे नाही. शिवाय गूगलवर शोध घेणारा माणूस ‘कलई’ असे लिहून शोधतो. तो शब्दच पानावर नसेल, तर त्या दुकानापर्यंत तो पोहोचणार कसा?

आम्ही पहिले पान वहीवरून नव्याने लिहिले. दुकानाचे नाव, त्याखाली काय मिळते आणि काय करून मिळते हे दोन ओळींत, मग दुपारच्या बंद वेळेसह दुकानाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी, आणि बोट लावताच थेट फोन लागेल असा क्रमांक. त्याखाली वहीतले प्रश्न, गिऱ्हाइकांच्याच शब्दांत, आणि प्रत्येकाचे दोन-तीन वाक्यांत उत्तर. अकरा विभागांचे चार झाले. क्रमांक मागणारी चौकट काढून टाकली, कारण दुकानात पाऊल ठेवणाऱ्याला आपण दारातच अडवून नाव-गाव विचारत नाही. संपर्काचा फॉर्मही काढला. त्यातून येणारे ईमेल कोणी उघडत नव्हते, आणि उत्तर न देण्यापेक्षा तो फॉर्म नसणे अधिक प्रामाणिक होते. तीन पिढ्यांचा इतिहास मात्र आम्ही जपला. तो मनापासून लिहिलेला होता, म्हणून त्याला स्वतःचे वेगळे पान दिले.

पत्त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. पेठेत वाढलेल्या माणसाला ‘सोन्या मारुती चौकापासून जवळ’ इतके पुरते, पण कोथरूडहून किंवा हडपसरहून प्रथमच येणाऱ्याला तेवढ्यावर दुकान सापडत नाही. त्याला नकाशावरची अचूक खूण हवी असते, सम-विषम तारखांना रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी लावता येते आणि जवळचे वाहनतळ कोणते हे हवे असते. २०२४च्या सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मंडईला स्थानक मिळाले. तरीही पेठांतल्या अनेक दुकानांच्या पत्त्यात त्याचा उल्लेख अजून नाही. गणेशोत्सवात रस्ते बंद असतात, त्या दिवसांपुरती वेगळी सूचना पानाच्या वरच्या भागात द्यावी आणि उत्सव संपताच ती काढावी.

आता छायाचित्रांविषयी. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. जाड भिंतींच्या वाड्यात किंवा तळघरातल्या दुकानात, जिथे इंटरनेटचा वेग सेकंदाला १ मेगाबिटवर, म्हणजे मेगाबाइटच्या आठव्या हिश्श्यावर, येतो, तिथे असे एक छायाचित्र उतरायला सुमारे ३२ सेकंद लागतात, आणि आमची सहा सरकती छायाचित्रे उतरायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. तेवढा वेळ कोण थांबेल? तीच छायाचित्रे लहान करून प्रत्येकी १५० किलोबाइटच्या आसपास आणली, तर फोनच्या पडद्यावर डोळ्यांना फरक जाणवत नाही. आम्ही सहांपैकी दोनच ठेवली आणि ती सरकवणे बंद केले.

भावाचा फलक मालकांनी फोटो काढून चढवला होता. त्यातली अक्षरे माणसाला दिसतात, पण शोधयंत्राला सहसा नीट वाचता येत नाहीत, आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनला ती भरवशाने वाचून दाखवता येत नाहीत. हे मला आकाशवाणीवरून मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण आत्ता हे ऐकणाऱ्यांपैकी काही जण संकेतस्थळेही अशीच कानांनी वाचत असतील. एनव्हीडीए हा संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम मराठीही वाचतो, परंतु मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना आणि फोनना समजणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीत, टंकलेला असला तरच. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये तयार केलेली पत्रके अनेक दुकानांत आजही आहेत. ती तशीच चिकटवली तर वाचणाऱ्याला निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून मजकूर नव्याने टंकावा. काम कंटाळवाणे आहे, पण ते एकदाच करावे लागते.

भाव लिहावेत की नाहीत, यावर आमचा बराच वाद झाला. शेजारचा दुकानदार पाहील, ही मालकांची भीती. शेजाऱ्याला भाव जाणून घ्यायचा असेल तर तो कोणालाही पाठवून विचारू शकतो. भाव लपवल्याने अडचण होते ती दुरून येणाऱ्या गिऱ्हाइकाची. पितळेचा दर बदलतो हे मात्र खरे आहे, म्हणून प्रतिकिलो भावासमोर तो कोणत्या तारखेचा आहे हे आम्ही लिहितो, आणि तारीख जुनी दिसली की गिऱ्हाईक फोन करून खात्री करून घेते.

त्या दुकानातली वही अजून फोनशेजारीच आहे. कलईचे आणि वेळेचे प्रश्न आता फारसे येत नाहीत, त्यामुळे नवे प्रश्न ठळक दिसतात. मागच्या आठवड्यात तिघांनी विचारले, “पितळेचे पातेले इंडक्शनच्या शेगडीवर चालते का?” साध्या इंडक्शन शेगडीला लोहचुंबक चिकटेल असा तळ लागतो, आणि पितळेला किंवा तांब्याला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ते त्यावर तापत नाही, ते गॅसवर वापरावे. हे उत्तर मालकांनी स्वतः लिहून ठेवले आहे. उद्या सकाळी ते पहिल्या पानावर चढवायचे आहे.

नमस्कार.