ओव्हनमधला मासा आणि ताज्या फळांचा साल्सा

श्रोतेहो, नमस्कार.

आज रात्रीच्या जेवणाचा एक झटपट बेत बघू या. ओव्हनमध्ये भाजलेला मासा आणि त्यावर ताज्या फळांचा साल्सा, म्हणजे बारीक चिरलेली फळं, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबाचा रस यांचं कच्चं, चटकदार मिश्रण. ओव्हन लावल्यापासून पानात वाढेपर्यंत साधारण ३५ मिनिटं लागतात. त्यातली माशाची भाजणी जेमतेम दहा-बारा मिनिटांची.

पदार्थ सोपा आहे, आणि बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा पाण्यामुळे बिघडतो. माशाच्या आतलं पाणी आतच राहायला हवं, माशाच्या वरचं पाणी भाजण्याआधी निघून जायला हवं आणि फळातला रस वाढेपर्यंत फळातच थांबायला हवा. आजचं सगळं बोलणं याच पाण्याभोवती आहे.

कागद-पेन जवळ असेल तर प्रमाण लिहून घ्या. हे चार माणसांचं प्रमाण आहे. काटे काढलेले माशाचे काप, म्हणजे फिले, ६०० ग्रॅम. एकेक काप साधारण १५० ग्रॅमचा. तेल दोन मोठे चमचे. मीठ एक सपाट छोटा चमचा, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. माशाच्या वजनाच्या एक टक्का मीठ हा हिशोब लक्षात ठेवला की मासा कितीही असो, अंदाज चुकत नाही. मिरपूड, जिरेपूड आणि लाल तिखट प्रत्येकी अर्धा छोटा चमचा. माशासाठी एवढंच.

साल्सासाठी पिकलेले पण घट्ट असे दोन मध्यम आंबे. चिरल्यावर साधारण दोन कप फोडी व्हायला हव्यात. एक छोटा कांदा, अर्धी लाल ढोबळी मिरची, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा मीठ. पुन्हा सांगायचं तर फळ दोन कप, लिंबाचा रस दोन मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा.

मासा कोणता घ्यायचा? पांढऱ्या मांसाचा, फार उग्र वास नसलेला कुठलाही चालतो. कॉड, स्नॅपर, तिलापिया, बासा यांपैकी काहीही. सॅमनही छान लागतो, फक्त तो तेलकट असल्यामुळे त्याच्यासोबत फळ जरा आंबट हवं. नावापेक्षा महत्त्वाची आहे कापाची जाडी. दोन ते अडीच सेंटिमीटर जाड काप मिळाले तर काम सोपं होतं, कारण वरून रंग येईपर्यंत आतला भाग कोरडा पडत नाही. चारही काप एकाच जाडीचे घ्या. शेपटीकडचा निमुळता तुकडा आला तर त्याचं पातळ टोक खाली दुमडून घ्या, म्हणजे जाडी सारखी होते.

मासा गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वेळ नसेल तर पाणी शिरणार नाही अशा पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा. अर्ध्या-पाऊण तासात तो मऊ होतो. ओट्यावर उघडा ठेवून किंवा गरम पाण्यात वितळवू नका. बाहेरचा भाग उबदार होऊन खराब व्हायला लागतो आणि आत बर्फ तसाच राहतो. हवाबंद पाकिटातला मासा असेल तर वितळवण्याआधी त्या पाकिटातून बाहेर काढा. हवा नसलेल्या जागी वाढणारे घातक जीवाणू असतात, त्यांना संधी द्यायची नाही.

आता कामाचा क्रम. पहिल्यांदा ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर लावा आणि रिकामा ट्रे आतच ठेवा. ट्रे धातूचा हवा. काचेचं भांडं हळू तापतं आणि मासा खालून पांढराफटक राहतो. ओव्हन नीट तापायला किमान १५ मिनिटं द्या. ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा आणि ट्रे मधल्या खाचेत सरकवा, कारण वरची कॉइल फार जवळ आली तर मसाला जळतो आणि मासा मात्र कच्चा राहतो. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच, म्हणजे गरम हवेने भाजायच्या सेटिंगवरच करा. नुसत्या मायक्रोवेव्हवर मासा शिजेल, पण त्याला भाजल्याची चव येणार नाही.

ओव्हन तापतोय तोवर माशाला दोन्ही बाजूंनी मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. मीठ थोडं पाणी बाहेर ओढतं, आणि त्याच वेळी वरच्या थरातली प्रथिनं अशी बदलतात की भाजताना आतला रस ती जास्त धरून ठेवतात. दहा मिनिटांनी वर पाण्याचे थेंब दिसतील. आता पेपर टॉवेल किंवा स्वच्छ कापड घेऊन काप दोन्ही बाजूंनी दाबून-दाबून अगदी कोरडे करा. ही पायरी कंटाळा करून सोडू नका. माशाच्या अंगावर पाणी असेल तोवर ओव्हनची सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी आटेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग यायला त्यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. शेवटी रंग येतो तेव्हा आतला मासा कोरडा झालेला असतो.

दहा मिनिटं मासा मिठात आहे, तेवढ्यात फळं चिरून घ्या, आणि तीही माशाचा हात, माशाची सुरी, माशाची चिरायची पाटी न लावता. साल्सा कच्चाच खायचा आहे, तेव्हा त्याची पाटी आणि सुरी वेगळी हवी. एकच पाटी असेल तर आधी फळं आणि भाज्या चिरून संपवा, मगच मासा बाहेर काढा.

पहिल्यांदा कांदा अगदी बारीक चिरून गार पाण्यात टाका. दहा मिनिटांत त्याचा झोंबणारा उग्रपणा बराचसा पाण्यात उतरतो. तो नीट निथळून, पिळून घ्या. ओला कांदा साल्सात गेला की मिश्रण पातळ झालंच म्हणून समजा. आंब्याच्या कोयीच्या दोन्ही चपट्या बाजूंनी गर कापा, सालापर्यंत आडव्या-उभ्या रेघा मारा आणि चमच्याने फोडी सोडवा. फोडी एक सेंटिमीटरच्या. त्याहून मोठ्या केल्या तर त्या माशावरून घरंगळतात, लहान केल्या तर त्यांचा लगदा होतो. ढोबळी मिरची फोडींहून जरा बारीक. हिरव्या मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या भागात असतो. लहान मुलं जेवणार असतील तर तो भाग खरवडून काढा, मिरचीचा स्वाद तरीही राहतो.

हे सगळं एका भांड्यात एकत्र करा, पण मीठ आणि लिंबू अजून घालू नका. मीठ पडलं की फळातून रस बाहेर यायला सुरुवात होते आणि अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी गोड पाणी साठतं. मीठ, लिंबू आणि कोथिंबीर मासा ओव्हनमध्ये गेल्यावरच घालायची.

आंबा नसेल तर? अननस, पपई, पीच, संत्रं, किवी, सगळं चालतं. अननसाचा मधला कडक दांडा काढून टाका. संत्र्याच्या फोडींवरची पांढरी सालं सोलून घ्या, नाहीतर कडवटपणा येतो. कलिंगड घेतलंत तर बिया काढून अगदी शेवटच्या क्षणी मिसळा. केळं मात्र नको. ते काळं पडतं आणि लिबलिबीत होतं. आंब्यासारखं गोड फळ सौम्य पांढऱ्या माशाबरोबर खुलतं, अननस आणि संत्रं सॅमनसारख्या तेलकट माशाचा जडपणा कापतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बरेच जण चव मुरावी म्हणून फळाचा रस किंवा साल्साच कच्च्या माशाला लावून ठेवतात. तसं करू नका. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन आणि किवीत ॲक्टिनिडिन नावाची विकरं असतात, आणि ती प्रथिनं तोडतात. माशाचं मांस मुळातच नाजूक, त्यामुळे थोड्या वेळातच त्याची वरची बाजू पिठूळ होते. डबाबंद अननसात हा त्रास नाही, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने विकर निकामी होतं. पण त्या अननसाला ताजेपणाही नसतो. लिंबाचं कारण वेगळं. त्यातलं आम्ल माशाची प्रथिनं आचेशिवायच घट्ट करतं, वीस-पंचवीस मिनिटांत मासा बाहेरून पांढरा दिसायला लागतो आणि भाजल्यावर खडूसारखा कोरडा लागतो. तेव्हा फळ आणि मासा यांची गाठ पानातच पडू द्या.

आता भाजणी. कोरड्या केलेल्या कापांना तेल चोळा, मग मिरपूड, जिरेपूड, तिखट लावा. मीठ पुन्हा नको. ठेचलेला लसूण, मध किंवा साखर वरून लावू नका. २२० अंशांवर ते माशाच्या आधी करपतात. लसूण हवाच असेल तर लसणाची पूड वापरा. तापलेला ट्रे बाहेर काढा, बेकिंग पेपर पसरा किंवा तेलाचा हात फिरवा आणि काप ठेवा. साल असेल तर साल खाली. मासा ठेवताना चर्र आवाज आला तर ट्रे बरोबर तापलाय. दोन कापांत दोन बोटं अंतर हवं. खेटून ठेवले की एकमेकांच्या वाफेवर शिजतात. वरून फॉइल झाकलंत तरी तेच होतं.

वेळ जाडीवरून ठरवायची, वजनावरून नाही. कापाच्या सगळ्यात जाड भागाला अडीच सेंटिमीटरला दहा मिनिटं, हा जुना ठोकताळा आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकांत त्याला कॅनेडियन नियम म्हणतात. तो २३० अंशांसाठी आहे, म्हणून २२० ला १० ते १२ मिनिटं धरा. दीड सेंटिमीटरच्या कापाला सात-आठ मिनिटं पुरतात. घरोघरच्या ओव्हनचं तापमान कमी-जास्त असतं, तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच पहिल्यांदा बघा. कमी शिजलेला मासा परत आत सरकवता येतो, कोरडा झालेल्याला उपाय नाही.

शिजला कसा ओळखायचा? जाड भागात काटा खुपसून हळूच फिरवा. मांसाच्या पाकळ्या सहज सुटल्या आणि आतला काचेसारखा भाग दुधाळ झाला की झालं. पाकळ्या एकमेकींना धरून राहत असतील तर अजून एक-दोन मिनिटं द्या. थर्मामीटर असेल तर अंदाज करायची गरजच नाही: मध्यभागी ६३ अंश हे सुरक्षित तापमान. ६० ला बाहेर काढून तीन मिनिटं ट्रेवरच ठेवलात तर आतली उष्णता त्याला उरलेले दोन-तीन अंश चढवते. मात्र गरोदर स्त्रिया, लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी जेवणार असतील तर ६३ झाल्याचं प्रत्यक्ष बघूनच वाढा.

कधी कधी, विशेषतः सॅमनवर, पांढरे दह्यासारखे गोळे बाहेर आलेले दिसतात. ते माशाचंच प्रथिन आहे, आच लागून आवळलेल्या मांसातून बाहेर पिळलं गेलेलं. खायला हरकत नाही, पण ते खूप दिसलं तर पुढच्या वेळी दोन मिनिटं आधी काढा. सुरुवातीला मिठात ठेवलेल्या माशावर ते कमी येतं.

मासा आत असताना साल्सा पुरा करा. मीठ, लिंबू, कोथिंबीर घालून हलक्या हाताने ढवळा आणि चव बघा. सपक वाटला तर चिमूट मीठ, गोडमिट्ट वाटला तर लिंबू. तिखट झाला तर पाणी नाही, फळ वाढवा. आंबा मुळात आंबट असेल तर लिंबू निम्मंच घाला. आणि साल्सा फ्रीजमधून काढून थेट गरम माशावर घालू नका: थंडपणात फळाचा गोडवा दबतो आणि मासा दोन मिनिटांत निवतो.

सोबत भात किंवा उकडलेले बटाटे पुरतात. ते ओव्हन लावतानाच शिजत ठेवा. वाढताना आधी मासा, मग झाऱ्याने निथळून घेतलेला साल्सा, एका कापावर दोन-तीन मोठे चमचे. भांड्यात उरलेला रस माशावर ओतू नका, तो भातावर घ्या.

उरलं तर मासा आणि साल्सा वेगवेगळ्या डब्यांत, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. मासा दुसऱ्या दिवशी संपवा; पुन्हा तापवला तर कोरडा होतो, म्हणून गारच कुस्करून सॅलडमध्ये किंवा सँडविचमध्ये घाला. साल्सा त्याच रात्री संपलेला बरा. राहिलाच तर सकाळी सुटलेलं पाणी काढून टाका, थोडं ताजं फळ मिसळा आणि लिंबू पुन्हा पिळा.