पँथर : चासी एक, बहिणी तीन

बॉडी उचलून बाजूला ठेवलीय. खाली उरलीय ती ही पोलादी चौकट. रबरी बुश ठेवून बॉडी हिच्यावर बसते आणि बोल्टने आवळली जाते. फोर्डच्या या चासीचं नाव पँथर.

1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतल्या अवाढव्य गाड्यांना अंग चोरावं लागलं. जनरल मोटर्सने 1977 मध्ये सुरुवात केली. 1979 च्या मॉडेलांत फोर्ड एलटीडी आणि मर्क्युरी मार्क्विस पँथरवर आल्या, पुढच्याच वर्षी लिंकन (मर्क्युरी आणि लिंकन हे फोर्डचेच ब्रँड). त्यातूनच पुढे पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची क्राउन व्हिक्टोरिया, घरगुती ग्रँड मार्क्विस आणि विमानतळावरची काळी टाउन कार. तिघी सख्ख्या बहिणी. टाउन कारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) तेवढा 3 इंचांनी जास्त.

आता मागची चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सलकडे या. डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) झाकणावर मधोमध फिरणारा हा आखूड दांडा, त्याच्या दोन टोकांपासून चासीकडे गेलेले दोन रॉड. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉटने काढलेली युक्ती इथे 1998 पासून आहे. चाक खड्ड्यात गेलं तरी अ‍ॅक्सल सरळ वर-खाली होतो, बाजूला सरकत नाही. किती साधं, किती भक्कम!

टाउन कारला मागे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या. घडीपाशी रबर चिरतं, हवा गळते, ती भरून काढता काढता काँप्रेसर जळतो. नुसता काँप्रेसर बदललात तर नवाही जळेल. आधी पिशव्या बदला. आणि जॅक लावण्याआधी डिकीतला हा स्विच बंद करा. नाहीतर गाडी उंच झाली असं समजून यंत्रणा हवा सोडते.

या गाड्यांच्या 4.6 लिटरच्या व्ही-8 इंजिनचं दुखणं म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा हा प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड. पुढच्या बाजूला कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) प्लास्टिकमधूनच आडवा जातो. तापून-निवून तिथे केसाएवढी भेग पडते. सीलंट तिथे टिकत नाही. आडवा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असलेला मॅनिफोल्ड घ्या, गॅस्केट नवं टाका, बोल्ट मधून कडेकडे टप्प्याटप्प्याने आवळा. फेंडर चेपला तर बोल्ट काढून दुसरा लावा. त्याच वर्षांतल्या पोलीस गाडीचे ब्रेक टाउन कारला सहसा जसेच्या तसे बसतात.

पेट्रोलची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे. मागून जोरदार धडक बसून आगी लागल्या, माणसं दगावली. 2002 मध्ये फोर्डने पोलीस गाड्यांना संरक्षक कवचं बसवायला घेतली.

15 सप्टेंबर 2011, सेंट थॉमस, ओंटारियो. शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली आणि कारखानाही बंद झाला.