कॅसेट अमेरिकेची, रात्र रामबागेतली

(दृश्य : लोखंडी कपाटाचा खालचा खण. जुन्या साडीत गुंडाळलेली व्हीएचएस कॅसेट.)

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर. ही कॅसेट मामानं 1991 मध्ये अमेरिकेहून आणली. झडप उचलली की फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. तीसहून जास्त पावसाळे काढलेत तिनं.

चित्रपट स्टीव्हन सोडरबर्गचा, ‘सेक्स, लाइज, अँड व्हिडिओटेप’. नावामुळेच ती साडीत गेली. खरं तर त्यात उघडंनागडं फारसं नाहीच; आहेत ती बोलणारी माणसं. ग्रॅहम नावाचा तरुण बायकांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांच्या शरीरसुखाबद्दल विचारतो आणि ऐकत राहतो. नायिका ॲनच्या नवऱ्याचं तिच्याच बहिणीशी सूत जुळलेलं. ॲनही एक दिवस ग्रॅहमपुढे बसते, बोलता बोलता कॅमेरा त्याच्यावरच वळवते. दोघं जवळ येतात ते आपल्याला दिसत नाही. ग्रॅहम कॅमेरा बंद करतो. एवढा संकोच सांभाळून जवळिकीवर बोलणारा चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही.

पटकथा आठ दिवसांत लिहिलेली, खर्च सुमारे 12 लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा उचलला एका होम व्हिडिओ कंपनीनं, कॅसेटच्या हक्कांच्या बदल्यात. म्हणजे लोक हा चित्रपट घरी बसून बघणार, हे तो बनायच्या आधीच ठरलेलं. 1989 मध्ये कान महोत्सवात त्याला पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा सोडरबर्ग 26 वर्षांचा होता.

आमच्याकडे अडचण वेगळीच. टीव्हीचं चित्र दाखवायची पद्धत दोन्हीकडे निराळी. अमेरिकेची कॅसेट एनटीएससी, 525 रेषांची; आपलं पाल, 625 रेषांचं. घरच्या टीव्हीवर चित्र नुसतं वरखाली पळायचं. शेवटी बाबांनी एका रात्रीपुरता दोन्ही पद्धतींच्या कॅसेट चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर भाड्यानं आणला, सोबत टीव्हीही. आम्हा भावंडांची रवानगी लोकमान्य नगरला, आत्याकडे.

(दृश्य : आई, ओट्याशी. हातात कॅसेट.)

“इंग्रजी अर्धंच कळलं रे. पण ती बाई सुरुवातीलाच कचऱ्याचं बोलते ना, एवढा कचरा जातो कुठे, ते लगेच कळलं. मलाही रात्री असलंच सुचायचं. उद्या नर्मदेचं पाणी येईल का, टाकी भरेल का. आणि तो मुलगा कसा, मधे तोंड घालत नाही. बाईला बोलू देतो.”

आईबाबांच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

“संपल्यावर तुझे बाबा कॅसेट रिवाइंड करायला उठले. मी म्हटलं, अहो, राहू द्या ते. बसा जरा.”

“मग?”

आईनं पदरानं कॅसेटवरची धूळ पुसली.

“तो कॅमेरा बंद कर आधी. मग सांगते.”

(पडदा काळा.)