‘सर्टन’ : खात्री नेमकी कोणाची?

मित्रहो, आज एकाच इंग्रजी विशेषणाबद्दल बोलणार आहे. ‘सर्टन’. शब्दकोश उघडलात तर अर्थ मिळतो : निश्चित, खात्रीचा. मी भाषांतराला लागलो तेव्हा या अर्थावर विसंबलो होतो. एका करारात ‘सर्टन कंडिशन्स’ आलं, मी ‘निश्चित अटी’ लिहिलं. वाचणाऱ्याने विचारलं, “म्हणजे या अटी आता बदलणार नाहीत ना?” मूळ इंग्रजीत तसं काही नव्हतंच. तिथे एवढंच म्हटलं होतं की काही ठराविक अटी आहेत. माझ्या एका शब्दाने त्याला नसलेलं आश्वासन दिलं होतं. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबतो.

एकच शब्द ‘पक्का’ही म्हणतो आणि ‘अमुक एक’ही म्हणतो, हे कसं? मुळाशी गेलं की उलगडतं. लॅटिनमध्ये ‘सर्नेरे’ म्हणजे चाळणं, निवडून वेगळं काढणं. त्यावरून ‘सर्टस’ : निवडून झालेला, ठरलेला. जे निवडून झालं ते पक्कं झालं, आणि जे निवडलं ते बाकीच्यांपासून वेगळं, विशिष्टही झालं. आपल्याकडे ‘ठरणे’ या क्रियापदाने हेच केलंय. ‘ठरलेलं’ म्हणजे पक्कं, पण ‘ठराविक लोक’ म्हणजे विशिष्ट लोक.

आता शब्दाची जागा पाहा. ‘सर्टन पीपल’ म्हणणाऱ्याला बहुधा नावं माहीत असतात, तो ती घेत नाही, इतकंच. उलट ‘पीपल आर सर्टन’ म्हटलं की लोकांची खात्री आहे. नामाच्या आधी आलेला ‘सर्टन’ नेहमीच ‘विशिष्ट’ असतो असंही नाही. ‘सर्टन डेथ’ म्हणजे अटळ मरण.

खरी गंमत पुढे आहे, आणि माझा जीव इथेच जास्त रमतो. ‘ही इज सर्टन ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची खात्री त्याला स्वतःला आहे. ‘ही इज सर्टन टु विन’ म्हणजे तो जिंकणार ही खात्री बोलणाऱ्याची. त्या बिचाऱ्याला कदाचित घाम फुटला असेल! कर्ता तोच, विशेषण तेच, मधला लहानसा शब्द बदलला आणि खात्रीचा मालक बदलला. मराठीत पहिल्याला ‘त्याला जिंकण्याची खात्री आहे’ आणि दुसऱ्याला ‘तो जिंकणार हे नक्की’. आपली भाषा हे दोन शब्दांत वेगळं ठेवते, तेव्हा दोन्हीकडे ‘निश्चित’ चिकटवणं हा आळस आहे.

‘शुअर’ हा त्याचा जवळचा सोबती, पण घराणं वेगळं. तो आला लॅटिन ‘सेक्युरस’वरून, म्हणजे ज्याला चिंता नाही असा. आपला ‘निर्धास्त’च. म्हणून की काय, ‘इट इज सर्टन दॅट’ हे सहज चालतं, ‘इट इज शुअर दॅट’ असं मात्र प्रमाण इंग्रजीत सहसा म्हणत नाहीत. गोष्ट निश्चित असू शकते, निर्धास्त असतं ते माणसाचं मन.

आणखी एक. ‘दार बंद आहे’ आणि ‘दार बंद आहे याची मला खात्री आहे’ यांत जास्त भरवशाचं कोणतं? पहिलं. खात्री शब्दात सांगावी लागली, म्हणजे बोलणाऱ्याने दार आत्ता पाहिलेलं नाही. ‘आय अ‍ॅम सर्टन’चंही असंच आहे.

या शब्दाला आकडे देण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषणातले शर्मन केंट यांनी 1964 मध्ये एक मोजपट्टी छापली. तिच्यात ‘सर्टन्टी’, म्हणजे निश्चितता, ही 100 टक्के शक्यता आणि ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे 93 टक्के, साधारण सहा टक्के इकडेतिकडे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, शक्यतेच्या पट्टीत सगळ्यांत वरची पायरी ‘व्हर्च्युअली सर्टन’ आहे : 99 ते 100 टक्के. नुसता ‘सर्टन’ त्या पट्टीत नाहीच. हे मला फार प्रामाणिक वाटतं. पण मराठीत दोन्हींना ‘जवळजवळ निश्चित’ म्हणून मोकळं झालं, तर 93 आणि 99 यांतला फरक बुडतो. मी अशा ठिकाणी आकडा शेजारी लिहितो.

शेवटी एक वाक्य देतो, घरी जाऊन मराठीत करून पाहा. ‘धिस ट्रीटमेंट इज सर्टन टु हेल्प सर्टन पेशंट्स.’ मी असं करीन : ‘या उपचाराचा काही विशिष्ट रुग्णांना उपयोग होणार, हे नक्की.’ पहिला ‘सर्टन’ शेवटी गेला, दुसरा ‘विशिष्ट’ झाला. पण ते वाक्य हातात घेऊन बसलेला आजारी माणूस दोन प्रश्न विचारील : हे ‘नक्की’ कोण म्हणतंय? आणि त्या विशिष्ट रुग्णांत मी आहे का?